ओटीतल्या काड्या

आमच्या घरात मामा म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर यायचा, आणि तो आईचा सख्खा भाऊ नव्हता. आईला सख्खं असं कुणीच नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्याच्या घरी ती वाढली आणि चुलत्याच्या शेजारच्या घरातला गणपा हा तिचा राखीचा भाऊ झाला. राखी म्हणजे काय, हळदीत बुडवलेला दोरा. पण तो एकदा बांधला आणि आईला माहेर मिळालं. लग्नात आबांचा कान पिळायला तोच होता, पहिल्या दिवाळीला न्यायला मुराळी म्हणून तोच आला आणि माझ्या बारशाला कुंची घेऊन तोच आला. मी मोठी होईपर्यंत मला हे कुणी सांगितलंच नव्हतं की हा मानलेला आहे. समजलं तेव्हाही मी म्हणाले, मग काय झालं? सख्खे मामा काय वेगळं करतात?

आम्ही मळ्यात राहायचो. शिरोळकडचा काळाभोर पट्टा, नदी जवळ, चहूकडे ऊसच ऊस, आणि त्या हिरव्या समुद्रात आमची तेवढी एक द्राक्षबाग. ती आईची हौस. आबांचा जीव उसात. लावला की विसरायचा आणि तोडणीला आठवायचा, असं पीक त्यांना आवडायचं. द्राक्षाला ते 'पाळण्यातलं पोर' म्हणायचे आणि हे काही कौतुकानं नसायचं. आईला मात्र ते पोर हवं होतं. सकाळी चूल पेटायच्या आधी ती बागेतून एक फेरी मारून यायची आणि मग भाकऱ्या थापता थापता सांगायची, अमक्या वेलाला भुरी दिसतेय, तमक्या ओळीत पाणी पोचत नाही. आबा खर्ड्याशी भाकरी मोडत 'हूं' म्हणायचे. मागं विहिरीवर इंजिन फकफकत असायचं, तारांवर पोपट ओरडत असायचे आणि मी पत्र्याचा डबा बडवत त्यांच्यामागे धावत असायचे. आता इचलकरंजीत माझ्या घराच्या दोन्ही अंगांना माग चालतात, त्या खडखडाटाची इतकी सवय झालीय की वीज गेली की जाग येते. पण लहानपणचा आवाज म्हटलं की मला अजून तो डबाच ऐकू येतो.

मामाचं गाव नदीपलीकडे. त्याचीही बाग होती आणि ती आमच्यापेक्षा फार नावाजलेली होती. त्याच्या बागेत कधीतरी एका वेलाला भलतेच लांब मणी लागले होते, बोटाच्या पेराएवढे, पातळ सालीचे, साखरेसारखे. मामानं त्या वेलाच्या काड्या कापून, लावून हळूहळू सगळी बाग तशी करत आणली. मुंबईचे व्यापारी नाव विचारत त्याच्या दारात यायचे आणि मामा त्यांना ताक पाजत, मिशीवरून हात फिरवत बसायचा. काडी मात्र त्यानं कुणाला दिली नाही. मागणारे पुष्कळ आले. त्याचा सख्खा धाकटा भाऊ आला, त्यालाही पुढच्या साली बघू म्हणून घालवलं.

मग ती थंडी आली. आमच्याकडे थंडी म्हणजे काय, सकाळी शेकोटी आणि दुपारी घाम. पण त्या पौषात नदीवरून धुकं उठायचं ते सूर्य डोक्यावर येईपर्यंत हटायचं नाही, आणि गारठा असा की विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं तर बोटं आपली वाटायची नाहीत. घड भरलेले होते, मण्यांत गोड पाणी उतरायला लागलं होतं. आई आणि मी पहाटे उठून बांधाबांधावर ओला पाला पेटवून धूर करायचो. धुरानं आमचेच डोळे सुजले, बागेला काही ऊब लागली नाही. मणी तडकले, त्यांना आंबट वास सुटला, पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबू लागली. सगळं संपल्यावर आईनं ब्लेड घेऊन काड्यांचे डोळे कापून बघितले. डोळा म्हणजे जिथून पुढचा फुटवा येतो तो कोंब. तो आडवा कापला आणि आत हिरवा ठिपका दिसला तर जिवंत, तपकिरी दिसला तर मेलेला. आई ओळीओळीनं कापत गेली. घराच्या भिंतीच्या आडोशाला असलेल्या दोन ओळी तेवढ्या वाचल्या होत्या. बाकी सगळीकडे तपकिरी.

आबा त्या दिवशी जेवताना म्हणाले, "काढून टाकू. ऊस लावू. आता हौस फिटली न्हवं?"

"खोडं जित्ती हायत," आई म्हणाली. "मुळं जित्ती हायत. खालनं कापून कलमं करू. जुन्या मुळावर कलम केलं की त्याच साली घड दिसतोय."

"आन कलमाला काड्या कुठल्या आणणार?"

"दादाच्या."

आबा मोठ्यानं हसले. "गणपा देतोय व्हय! सख्ख्या भावाला दिल्या न्हाईत त्यानं."

"भावाला न्हाय दिल्या. मी भईण हाय त्याची."

आबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ताटात हात धुतला. "बरं," ते म्हणाले. "दिवाळीपातूर गप बसतो. मांडवाला घड दिसला तर बाग ऱ्हाईल. न्हाय दिसला तर मी कुणाचं ऐकणार न्हाय, तुझं बी न्हाय आन तुझ्या भावाचं बी न्हाय." आई म्हणाली, "कबूल." हे एवढं बोलणं झालं आणि आईची बाग तिच्या माहेरावर टेकली.

चैत्रात, मामाच्या बागेची छाटणी व्हायच्या आधी, आई आणि मी नावेतून पलीकडे गेलो. मामाची बाग चढावर होती, म्हणून त्या गारठ्यातून वाचली होती. आईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. काडी विकत आणली तर लागत नाही असं आमच्या भागात मानायचे. ती मागून आणायची, आणि बाई मागायला गेली तर तिच्या ओटीत घालून द्यायची. मामीनं पाट मांडला, आईला बसवलं, हळदीकुंकू लावलं, तांदूळ-नारळानं ओटी भरली. मामा समोर उभा राहून म्हणाला, "शालन, आजपातूर कुणाला दिली न्हाय. तुला देतोय. तू मागितलंस आन मी न्हाय म्हणलं, असं हुईल व्हय?" आईचे डोळे भरून आले. तिनं वाकून नमस्कार केला तर मामानं तिला वरच्या वर धरलं. मी दारात उभी राहून हे बघत होते आणि माझी छाती नुसती फुगली होती. आबांनी हे बघायला हवं होतं, असं मला सारखं वाटत होतं.

मग मामा मला म्हणाला, "चल सुमे, काड्या तुझ्या हातानं काप. शिकलीस न्हवं कात्री धरायला?" कात्री धरायला मला त्यानंच शिकवलं होतं. बागेत गेलो. फळं निघाल्यावर सगळे वेल सारखेच दिसतात, म्हणून बागायतदार घड लागलेले असतानाच हव्या-नको त्या वेलांना चिंध्या बांधून ठेवतात. आमच्याकडे निवडक वेलाला लाल चिंधी बांधायचे, शुभ म्हणून. मामाच्या बागेत काही वेलांना लाल चिंध्या होत्या आणि बाकीच्यांना पांढऱ्या. मी सहज पांढऱ्या चिंधीच्या वेलाकडे हात केला तर मामा म्हणाला, "त्या नको. त्या रोगट हायत, हात लावू नकोस. लाल चिंधीच्या घे." मी लाल चिंधीच्या वेलांवरून पेन्सिलीएवढ्या जाड, गोल, सरळ काड्या कापल्या. मामा एकेक हातात घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "ही झकास. ही बी झकास." सगळ्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यानं त्या आईच्या ओटीत घातल्या, आणि नावेत आई, गरोदर बाईनं दोन्ही हातांनी पोट धरून बसावं तशी, ती ओटी धरून बसली होती.

एवढ्यावर थांबला असता तरी मी त्याला एखादे वेळी समजून घेतलं असतं. पण कलमं करायलाही तोच आला. त्याचा हात कलमाला नामी म्हणून ओळखला जायचा. आमच्या बागेतली खोडं आबांनी करवतीनं गुडघ्याएवढी कापून ठेवली होती. बाग नव्हे, स्मशान वाटत होतं. मामा मातीत मांडी घालून बसायचा, खोडाला चीर द्यायचा, काडीला पाचरीसारखं तासायचा, चिरेत बसवायचा, केळीच्या सोपटानं आवळायचा आणि वरून शेणमातीचा लगदा थापायचा. मी त्याला पाणी नेऊन द्यायचे, तासलेल्या काड्या हातात द्यायचे. दुपारी आईच्या हातचं हुलग्याचं माडगं प्यायचा आणि 'आईची आठवण झाली गं' म्हणायचा. प्रत्येक काडी त्यानं स्वतःच्या हातानं बसवली. ज्या काडीला काही येणार नाही हे ठाऊक आहे तीही माणूस इतक्या निगुतीनं बसवू शकतो, हे मला पुढं कळलं. अजूनही एखादा फार मन लावून माझं काम करायला लागला की मी जरा सावध होते. नातू म्हणतो, आज्जी संशयी आहे. असेना का.

कलमं मात्र सगळीच्या सगळी धरली. जुनी मुळं खाली वाट बघत होती, त्यांनी जे काही होतं ते वर ढकललं. पावसाळा सुरू झाला तशा काड्या दिवसागणिक वाढायला लागल्या. आई आणि मी त्या सुतळीनं बांबूला बांधायचो, शेंडे खुडायचो, तारेवर पोचल्या की दोन बाजूंना वळवायचो. मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारून आमचे हात निळे झाले होते, भाकरी खाताना बोटं बघून आबा म्हणायचे, "दोघी कृष्णाचे अवतार झाल्यात." श्रावणापर्यंत मांडव असा भरला की खाली उभं राहिलं तर ऊन अंगावर येईना. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी. शेजारपाजारचे बघायला यायचे. आणि एक गंमत व्हायला लागली, आबा बागेत दिसायला लागले. सकाळी राखुंडीनं दात घासत ते मांडवाखाली येऊन उभे राहायचे, एखादी काडी बोटानं हलवून बघायचे, आणि आईची चाहूल लागली की विहिरीकडे वळायचे, जणू वाटेत बाग लागली म्हणून आले. आई मला डोळ्यानं खुणवायची आणि आम्ही तोंडाला पदर-ओढणी लावून हसायचो. आई आबांना इतकं जिंकताना मी कधी बघितली नव्हती. ती बागेत काम करताना ओव्या गुणगुणायची, आणि सगळ्या ओव्यांत भाऊ असायचा.

मामा अधूनमधून यायचा. आला की आई चुलीवर कोंबडं शिजत घालायची. तो आधी मांडवाखालून फिरायचा, वर बघायचा, जिभेनं टॉक करायचा आणि म्हणायचा, "काय माजलीया गं बाग, शालन! माझी बी एवढी वाढत न्हाय." आईला धन्य वाटायचं. खरं म्हणजे बागायतदार बाग 'माजली' म्हणतो तेव्हा ती कौतुकाची गोष्ट नसते. सगळी ताकद पाल्यात गेली, असा त्याचा अर्थ. आईलाही हे ठाऊक होतं. पण बोलणारा भाऊ होता, तेव्हा ते तिला कौतुकासारखंच ऐकू आलं. मग तो पाटावर बसून तांबडा रस्सा ओरपायचा, घाम पुसायचा, पुन्हा वाढ म्हणायचा. मला वाटतं, तो हे सगळं आमच्याशी खोटं वागायचं म्हणून करत नसावा. रस्सा त्याला खरंच आवडायचा, आईवर त्याचा जीवही असावा. मला त्याचा राग जास्त त्यामुळेच येतो.

दसरा झाला आणि फळासाठी छाटणी केली. छाटणीनंतर डोळे फुटतात, कोवळा फुटवा बाहेर येतो आणि त्याच्या तिसऱ्या-चौथ्या पानाशी मोहरीच्या दाण्यांचा झुबका असावा तसा बारका घड दिसतो. आम्ही रोज बघायला जायचो. भिंतीलगतच्या दोन जुन्या ओळींत घड दिसले. नव्या कलमांना पानं आली, पुन्हा पानं आली, आणि जिथं घड यायचा तिथं नुसत्या बाळ्या, म्हणजे वेल धरून चढायला असतात ते गुंडाळलेले दोरे. एका वेलाला बाळ्या, दुसऱ्याला बाळ्या, सगळ्या मांडवाला बाळ्या. आई म्हणाली, "नवं कलम हाय, उशीर लागतोय." मग म्हणाली, "थंडी खाल्लेलं मूळ हाय, दमलंय." आबा सकाळी मांडवाखाली यायचे, ते मात्र बंद झालं.

दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, आईनं मला फराळाचा डबा देऊन मामाकडे पाठवलं, आणि उद्या भाऊबीजेला लौकर ये म्हणावं असा निरोप दिला. मामा गावात गेला होता. मामी बागेत होती, तिथं गेले. मांडवाखाली शिरले आणि बघतच राहिले. घड इतके लागले होते की मोजायला सुरुवात करावी आणि सोडून द्यावी. प्रत्येक खोडाला पांढरी चिंधी, पावसानं मळकटलेली, अजून बांधलेली होती. रोगट म्हणे. मध्ये मध्ये मोकळे खड्डे होते.

"मामी, हितं लाल चिंधीचे वेल हुते न्हवं?" मी विचारलं.

"त्ये व्हय?" मामी डब्यातली करंजी मोडत म्हणाली. "भाकड वेल गं त्ये. नुसता पाला, घड म्हणून न्हाय. उपटायचं म्हणून तर लाल चिंध्या बांधल्या हुत्या मामानं. तुमी काड्या घिऊन गेलासा आन लगोलग गड्यांनी उपटलं. पावसाळाभर चुलीला झालं मला."

तिच्या हातातली करंजी तशीच राहिली. ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. "सुमे," ती हळू म्हणाली, "तुमाला कुठल्या दिल्या त्यांनी?" मी मोकळ्या खड्ड्याकडे बोट केलं. बोलायची गरजच नव्हती. मामीनं पदर तोंडावर घेतला आणि ती तिथंच बांधावर बसली. ओटी तिनं भरली होती. तिलाही त्यानं त्यात ओढलं होतं. मी कापल्या होत्या त्या काड्या. 'ही झकास, ही बी झकास.' माझ्या हातातली कात्री आणि त्याचा खोटेपणा, आणि मी किती मिरवत होते! दोष माझा नव्हता हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही ठाऊक आहे. पण कुणी आपले हात वापरले की ते हात धुवावेसे वाटतात. नावेत बसून मी हात पाण्यात घालून ठेवले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चकल्या तळत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, झारा खाली ठेवला आणि माझ्या थोबाडीत मारली. "माझ्या माहेराबद्दल परत आसलं बोललीस तर बघ," ती म्हणाली. आयुष्यात तिनं मला मारलेली ती एकच. मग ती उठली आणि बागेत गेली. कढईतल्या चकल्या जळून कोळसा झाल्या, त्या मी काढल्या. मी दारातून बघत होते. ती एकेका खोडाजवळ जात होती, कलमाच्या गाठीला हात लावत होती, जिथं मामानं सोपट बांधलं होतं तिथं. शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि परत येताना तिनं कशालाच हात लावला नाही.

भाऊबीजेला मामा आला. पांढरी टोपी, नवं धोतर, अत्तराचा वास. आईनं पाट मांडला होता, पण घरात नाही. मांडवाखाली. "हितं कशाला गं?" तो म्हणाला. "बस," आई म्हणाली. तो बसला. आबा विहिरीच्या काठावर उभे होते, मी तबक धरून आईच्या मागे. आईनं त्याला कुंकू लावलं, टोपीवर अक्षता टाकल्या. निरांजन ओवाळायला तबक हातात घेतलं आणि थांबली.

"दादा, वर बघ."

तो वर बघेना. "नवी कलमं हायत," तो म्हणाला. "पुढच्या साली धरतील की."

"वर बघ म्हणते."

तो मातीकडे बघत राहिला.

"लाल चिंधी कशाची हुती?"

पोपट ओरडत होते. आज डबा वाजवायला कुणी नव्हतं. मामाच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळायला लागलं होतं. मला वाटलं आता काहीतरी बनवून सांगेल, म्हणेल चुकलं, गड्यानं चिंध्या बदलल्या. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, सांग काहीतरी, आम्ही ऐकू. पण त्यानं खरंच सांगितलं, आणि ते खोट्यापेक्षा वाईट निघालं.

"तुझ्या मांडवाला बी त्येच घड लागले असते," तो म्हणाला, "तर माझ्या दारात कोण आलं असतं गं, शालन?"

आईनं मान हलवली, कळलं अशा अर्थानं. मग तिनं त्याला ओवाळलं. नीट, तीनदा, निरांजन न हलवता. त्यानं ओवाळणी टाकायला खिशात हात घातला तेव्हा तिनं तबक मागं घेतलं. "जेवून जा," ती म्हणाली. आणि मामा जेवला! हे मला आजतागायत पचलेलं नाही. पाटावर बसून खाली मान घालून पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं जेवला, ताट स्वच्छ केलं, हात धुतला आणि नावेकडे गेला. आई त्याला पोचवायला बांधापर्यंत गेली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आबा आईजवळ येऊन बसले. ते आईशी इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "ठेवूया की बाग," ते म्हणाले. "भिंतीकडच्या दोन ओळी हायत आपल्या. त्यांच्या काड्या घालू चैत्रात. मी करतो कलमं, शिकतो." मला वाटलं आई आता रडेल आणि हो म्हणेल. आई तांदूळ निवडत होती. "न्हाय," ती म्हणाली. "ऊस लावा. मी कबूल केलं हुतं." आबा म्हणाले, "कबुलीचं ऱ्हाऊ दे गं." तेव्हा ती म्हणाली, "कबुलीचं न्हाय. त्या मांडवाखाली मला आता उभं ऱ्हावत न्हाय." बागेचे दगडी खांब निघाले त्या दिवशी आबा विहिरीवर बसून राहिले, आणि आई मात्र गड्यांना भाकरी बांधून घेऊन गेली. पुढच्या साली आमच्या मळ्यातही चहूकडच्यासारखा ऊस उभा राहिला, आणि घरातून बघितलं तर नदी दिसेनाशी झाली. पलीकडची बागही दिसेनाशी झाली. आईला ते बरंच वाटलं असावं.

त्यानंतर भाऊबीजेला आमच्याकडे पाट मांडला गेला नाही. मामानं निरोप पाठवले, मामी एकदा येऊन रडून गेली, आई तिच्याशी चांगली बोलली, चहा दिला. त्याच्याबद्दल मात्र ती चांगलंही बोलली नाही आणि वाईटही. माझं लग्न कबनूरला झालं, त्यात मामाच्या जागी आबांचा एक मावसभाऊ माझ्या पाठीशी उभा राहिला. पुढं आम्ही इचलकरंजीला आलो. आई एकदा माझ्याकडे राहायला आली असताना म्हणाली, चल, बाजारात जाऊ. तिनं एक हिरवं लुगडं घेतलं, चांगल्या पोताचं, काठाला रुईफुलांची नक्षी. आबा तेव्हा होते, मला वाटलं दिवाळीला नेसेल. ते तिच्या पेटीत तळाशी गेलं आणि मी विसरून गेले.

गेल्या साली आई गेली. आबा तिच्या आधीच गेले होते, पण आमच्याकडे बाई विधवा असली तरी माहेरचं लुगडं अंगावर घातल्याशिवाय उचलत नाहीत. ते भावानं आणायचं. आजारात एक दिवस तिनं मला पेटी उघडायला लावली आणि तळाचं ते लुगडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "माहेरचं म्हणून हे घाला," ती म्हणाली. "कुणाची वाट बघू नगासा." इतकी वर्षं ती ते सांभाळून होती. आपलं माहेर तिनं स्वतःच विकत आणून पेटीत ठेवलं होतं. मी त्या दिवशी तिच्यासमोर रडले नाही, नंतर न्हाणीघरात जाऊन रडले.

ती गेली त्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "माहेरचं आलं का? माहेरच्यासाठी थांबा." मी म्हणाले, "आलंय." आणि आईच्या अंगावर ते हिरवं लुगडं घातलं, काठ सारखे केले. तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. मामा आला होता. नव्वदीला टेकलेला, नातवाच्या खांद्याला धरून, काखेत कागदी पुडकं. लोकांनी वाट करून दिली. तो आईजवळ आला, तिच्या अंगावरचं लुगडं त्यानं बघितलं, आणि पुडक्याची सुतळी सोडायला लागला. त्याच्या बोटांनी गाठ सुटत नव्हती. कलमं बांधणारी बोटं ती. "सुमे," तो म्हणाला, "जरा सोड की गं ही गाठ."

मी सोडली नाही. लहानपणापासून ज्याला मामाखेरीज दुसरी हाक मारली नव्हती, त्याच्याकडे मी बघितलं, आणि वाटसरूशी बोलावं तशी बोलले.

"पावणं," मी म्हणाले, "माहेरचं झालंय. तुमी तिकडं बसा."

तो गाठीवर बोटं ठेवून तसाच उभा राहिला. मग नातवानं त्याला धरून पुरुषांच्यात नेऊन बसवलं. आईला उचललं तेव्हा तो उठला नाही. पुडकं मांडीवर होतं, आणि जाताना ते त्यानं तसंच परत नेलं.